तिच्या मनात जा काय आसा

सात वर्षं मी लोकांना सांगत होते की आम्ही जिम्नॅस्टिक्स करतो. आम्ही. "आमचे बार्स चांगले आहेत, बीम जरा कच्चं आहे," असं मी ऑफिसात डबा खाताना सहज बोलून जायचे. एकदा नवीन आलेल्या मुलीने माझ्या कंबरेकडे बघत विचारलं, की मॅडम, तुम्ही पण करता का? सगळे हसले. मीही हसले, पण मला तिचा रागच आला. सकाळी साडेपाचला उठून मी काय करते ते तिला कुठे माहीत होतं.

मुलगी पाच वर्षांची असताना पलंगावरून कपाटावर चढायची आणि कपाटावरून पलंगावर उडी मारायची. आम्ही राहतो चिंचपोकळीला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. खालचे काका दोनदा वर येऊन गेले. पहिल्यांदा नम्रपणे आणि दुसऱ्यांदा डोक्यात पडलेल्या चुन्यासकट. तेव्हा शेजारचं कुणीतरी म्हणालं, दादरला व्यायामशाळा आहे, तिथे टाका, उड्या काय मारायच्या त्या तिथे मारू दे. मी टाकलं. खालच्यांचं छत वाचावं, एवढाच हेतू होता. पदक, स्पर्धा, राज्य वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं. हे मी आता शपथेवर सांगू शकते, पण कुणी विचारत नाही.

तिथल्या सरांनी दोन महिन्यांत मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, मुलीत आहे. काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही. "मुलीत आहे" एवढ्यावर मी सात वर्षं काढली.

मी परळला एका एक्स-रे आणि रक्त तपासणीच्या सेंटरमध्ये काउंटरवर बसते. लोकांना त्यांचे रिपोर्ट देणं हे माझं काम. चारला सुटायचं, शाळेतून मुलीला घ्यायचं, बस पकडायची. बसमध्ये ती पोळीची गुंडाळी खायची आणि मी मागच्या सीटवर बसून तिचा अंबाडा बांधायचे. ड्रायव्हरने ब्रेक मारला की एक पिन माझ्या हातात आणि एक तिच्या डोक्यात. केस इतके ताणून बांधावे लागतात की पोरगी सतत आश्चर्याने बघतेय असं वाटतं. पाच ते साडेसात सराव. मग पुन्हा बस, घरी येऊन भात, गृहपाठ, आणि मांडीला, पोटरीला तेल चोळणं. रविवारी सकाळी पुन्हा तेच. नवरा शिवडीला गोदामात आहे, त्याच्या कामाला वेळकाळ नाही, त्यामुळे हे सगळं माझ्याकडे आलं. कधी वाटून घेतलं होतं असं नाही. ज्याने आधी उचललं त्याचं ते झालं.

व्यायामशाळेच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं आहे. तिथे आम्ही आया बसायचो. तिथे कुणाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, मुलाच्या नावापुढे "ची आई" लावलं की काम भागायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. घरी मी सून, सेंटरमध्ये मी काउंटर, आणि बाकड्यावर मी बीमवर उड्या मारणाऱ्या मुलीची आई. जाळीतून आतलं सगळं दिसायचं. पांढऱ्या पावडरीने भरलेले हात, बार्सच्या आडव्या दांड्यांना लोंबकळून फाटलेले तळवे, दोन पाय दोन बाजूंना पसरून जमिनीला चिकटलेल्या पोरी आणि त्यांच्या पाठीवर हळूच भार देणारे सर. सुरुवातीला मला बघवायचं नाही. नंतर मी बाकीच्या आयांना सांगायला लागले, त्याने काही होत नाही हो, दोन दिवसांत सवय होते.

सर वाईट माणूस नव्हते. कधी हात उगारला नाही, कधी टाकून बोलले नाहीत. खाण्याबद्दल ते फक्त म्हणायचे, "जरा हलकं ठेवा." एवढंच. पण लालबागच्या शेजारी राहून हलकं ठेवणं म्हणजे काय, ते त्यांना कळणार नव्हतं. आमच्या वाटेवर एका गल्लीत चिवडा, पुढच्या गल्लीत मिरच्या कुटणं चाललेलं. मी मुलीचा हात धरून चिवड्याच्या दुकानांसमोरून इतक्या वेगाने जायचे की दुकानदाराला वाटावं आमचं भांडण झालंय. गणपतीत तर कहरच. दहा दिवस आमच्या रस्त्यावर बस येत नाही, म्हणून गर्दीतून परळपर्यंत चालत जायचं आणि तिथून पुढे. घरात उकडीचे मोदक व्हायचे, तिला एक. विसर्जनाला चाळीतली सगळी पोरं खाली नाचायची. ही गॅलरीत उभी, कारण पाय मुरगळला तर काय घ्या. एका वर्षी तिने विचारलं, की नुसती उभी राहू का खाली, नाचणार नाही. मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. मुलगी समजूतदार आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

गेल्या एप्रिलमध्ये ती बीमवरून पडली.

बीम म्हणजे चार फूट उंचीवरची लाकडाची पट्टी, रुंदी माझ्या विताच्या निम्मी. त्यावर उभं राहून मागे उलटी उडी मारायची, हात त्याच पट्टीवर टेकवायचे आणि पुन्हा पायांवर यायचं. त्याला फ्लिक म्हणतात. ती हे दीड वर्ष करत होती. त्या दिवशी एक हात पट्टीवर टेकला आणि दुसरा हवेत गेला. बरगडी बीमच्या कडेवर आपटली आणि नडगी सोलली गेली. मी जाळीच्या बाहेरून बघत होते. ती रडली नाही. सर धावले, मी धावले, आणि ती आम्हा दोघांना म्हणाली, "काही नाही, काही नाही."

आमच्याच सेंटरमध्ये एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. रिपोर्टवर सगळं नॉर्मल लिहून आलं. मी तो रिपोर्ट नवऱ्याला दाखवला, सरांना दाखवला आणि घरी येऊन तिलाही दाखवला. म्हटलं, बघ, काही झालेलं नाही. तिने रिपोर्ट नीट वाचला आणि परत दिला. मी दिवसभर लोकांना बजावत असते की नुसता कागद बघून निर्धास्त होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घरात मात्र कागदावर माझा पूर्ण विश्वास बसला.

पंधरा दिवसांनी ती परत बीमवर चढली आणि तिथेच थांबली. हात वर करायची, छाती पुढे काढायची, मान सरळ ठेवायची, सगळं बरोबर. आणि मग जायचीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. पुढच्या मुली मागे रांगेत ताटकळत. सरांनी पाठीमागे हात धरला की जायची. सर विचारायचे, "सोडू?" ती म्हणायची, "नको." मे संपला, जून संपला, जुलै संपला. रोज संध्याकाळी मी बाकड्यावर बसून तो एक शब्द ऐकायचे. सोडू? नको. सोडू? नको. बाकीच्या आया माझ्याकडे बघायच्या आणि मग पटकन मोबाइलमध्ये बघायच्या.

सर म्हणाले, मन अडकलंय, होतं असं, वेळ द्या. वेळ कुठून देणार. सप्टेंबरमध्ये राज्य स्पर्धेसाठी मुंबईच्या संघाची निवड होती. तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी मोठ्या मुलींत जावं लागणार. फ्लिकशिवाय बीमला काही अर्थ नाही आणि बीमशिवाय संघात नाव नाही, हे मला तोंडपाठ झालं होतं. परतीच्या बसमध्ये मी तिला ते ऐकवायचे. समजावून सांगतेय असं मला वाटायचं. एकदा मी म्हणाले, की इतक्या लोकांचा इतका वेळ तू घालवतेस, तुला काहीच वाटत नाही का. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मी लगेच तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि मग आठवलं, की हलकं ठेवायचंय, म्हणून दोनच खा म्हटलं.

नवऱ्याने त्या दिवसांत एकदाच विषय काढला. तिला विचारलंस का, तिला काय हवंय ते. मी त्याला म्हटलं, आधी एक आठवडा त्या बाकड्यावर बसून दाखव, मग मला विचार. त्याने चपला घातल्या आणि कामाला निघाला. मला बरं वाटलं. आता विचार केला तर वाटतं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं आणि ते त्यालाही कळलं होतं.

ऑगस्टमध्ये सरांनी मला सांगितलं, की थोडे दिवस तुम्ही बसू नका, ती सारखी जाळीकडे बघते. मला ते लागलं. सात वर्षांत मी एकही दिवस चुकवला नव्हता. मी "हो सर" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाजूला, नळाजवळच्या खिडकीशी उभी राहायला लागले. तिथे बसायला काही नव्हतं आणि डास होते. चौथ्या की पाचव्या दिवशी मुलीने बीमवर हात वर केले, मान वळवली आणि थेट त्या खिडकीकडे पाहिलं. मग हात खाली घेतले.

आता घरातल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझं माहेर गिरगावचं. आमच्याकडे परीक्षेला जाताना देवासमोर दिवा लावायचा, नमस्कार करायचा, दही खायचं आणि निघायचं. देवाशी जास्त बोलणं नाही. सासर मालवणकडचं. इथे देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला वडील माणूस हातात नारळ घेऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहतो आणि काय हवंय, काय नकोय, कुणाचं काय चुकलंय, सगळं देवाला साध्या बोलीत, तोंडावर सांगतो. त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीच्या घराने मागून म्हणायचं, "व्हय म्हाराजा." लग्न झालं त्या वर्षी मला हसू आवरलं नव्हतं. मग इतकी सवय झाली की वाक्य पुरं व्हायच्या आधीच माझ्या तोंडातून व्हय म्हाराजा निघायचं. आमच्या सेंटरमध्ये "हां, पुढचे" म्हणावं तसं.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचे सासरे. बाबांनी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले आणि ती बंद झाल्यावर डिलाईल रोडला एका छापखान्यात कामाला लागले. दोन्हीकडच्या आवाजाने कान गेले. त्यांना ऐकू येत नाही आणि त्यांना हळू बोलता येत नाही. त्यामुळे आमचं गाऱ्हाणं आख्ख्या मजल्याला ऐकू जातं. पलीकडच्या खोलीतले शेजारीसुद्धा आपापल्या चहावरून व्हय म्हाराजा म्हणतात. नातीच्या प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी बाबा गाऱ्हाणं घालायचे. आदल्या दिवशी मला मोठ्याने विचारून घ्यायचे, कुठे आहे, काय काय आहे, ती बारीक फळी आहे का. मग देवाला सगळं तपशिलात सांगायचे. "चार बोटां रुंद फळयेर ती उड्यो मारतली, तिचो पाय घसराक नको रे म्हाराजा." देवाला जिम्नॅस्टिक्स समजावून सांगणारं दुसरं घर मुंबईत नसेल.

निवड चाचणीच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं देव्हाऱ्यासमोर उभे राहिलो. मुलगी कॉस्च्युमवर शाळेचा स्वेटर घालून, केस ताणून बांधलेले. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. बाबांनी नारळ घेतला, कुळाचं, गावाचं नेहमीचं सगळं म्हणून झालं, आणि मग ते थांबले. मला वाटलं, स्पर्धेचं नाव विसरले, मी ओरडून सांगणार एवढ्यात ते पुढे बोलले. "तिच्या मनात जा काय आसा, ता तुका ठावक आसा. तसाच होवंदे रे म्हाराजा."

मी म्हटलं, व्हय म्हाराजा. नवऱ्याने म्हटलं. पलीकडच्या खोलीतून आलं. मुलगी एरवी गाऱ्हाण्याला ओठ हलवते न हलवते. त्या दिवशी तिने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मी मनात म्हटलं, चला, पोरगी तयार आहे.

आमच्याच व्यायामशाळेत चाचणी होती. वर गॅलरीत आम्ही आया. धावत येऊन मारायची व्हॉल्टची उडी ठीक झाली, बार्स छान झाले, फ्लोअरला शेवटच्या उडीत एक पाऊल मागे गेलं. बीम शेवटी. ती चढली, दोन गिरक्या घेतल्या, मग पट्टीच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि हात वर केले. शेजारच्या आईने माझा हात धरला. पाच महिने मी बघत होते, इथे ती थांबते.

ती थांबली नाही. हात गेले, पाय वर आले आणि दोन्ही पाय एकामागून एक पट्टीवर टेकले. साधी ठकठक झाली, कुकरच्या तळाशी जाळी ठेवावी एवढी. ती हललीसुद्धा नाही. खाली सर उभे होते, त्यांनी आपले दोन्ही हात पँटला पुसले. मी रडले. नाक वाहेपर्यंत रडले, आणि रडता रडता मला इतकं थकल्यासारखं झालं की उठून खाली जायला दोन मिनिटं लागली.

दुपारी यादी लागली. सहा जणींत तिचं नाव चौथं होतं. पालकांच्या संमतीचा कागद लगेच भरून द्यायचा होता. टेबलाशी गर्दी होती. मी म्हटलं, जरा वाक गं. ती वाकली. तिची पाठ अशी सपाट होते की त्यावर लिहिता येतं. मी तिच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

घरी जाताना पेढे घेतले. चाळीत वाटले, खालच्या काकांना तर दोन दिले. बाबांसमोर डबा धरला तर त्यांनी घेतला नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी ओरडून सांगितलं, नाव आलं, राज्याला चाललीय. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती उठून गॅलरीत गेली. मग बाबांनी चष्म्याची डबी उघडली आणि आतून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. गणिताच्या वहीचं पान होतं. त्यांना काही गुपित सांगायचं तर लिहूनच द्यावं लागतं, नाहीतर सगळा मजला ऐकतो.

"आजोबा, उद्या देवाला सांगा, माझं नाव यादीत येऊ देऊ नको. मोठ्याने सांगू नका. आई ऐकेल."

मी दोनदा वाचलं. मग मला राग आला, आणि तो आधी बाबांवरच निघाला. देवाला सांगितलंत, मला सांगता आलं नाही? मी घसा फोडून विचारलं. त्यांच्यासाठीच ओरडत होते, पण तेवढंच कारण नव्हतं. नवरा मध्ये पडायला उठला, तर बाबांनी हातानेच त्याला थांबवलं. आणि ज्या माणसाला हळू बोलता येत नाही तो त्याच्या परीने हळू बोलला.

"तुका सांगूक ती भियता. देवाक नाय भियत."

शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला होता. मी पेढ्यांचा डबा हातात घेऊन उभी होते आणि तो कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं.

गॅलरीत मुलगी कठड्याला टेकून उभी होती, अंबाडा अजून तसाच. मी तिच्याशी प्रेमाने बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. मी तिला म्हटलं, मग गेलीस कशाला? पाच महिने थांबत होतीस, आजही थांबायचं होतं.

ती कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "आज भीतीच वाटली नाही ना. तुम्ही सगळे व्हय म्हाराजा म्हणालात. तू पण म्हणालीस. मला वाटलं, झालं, आता नाव येतच नाही. मग काय घाबरायचं? म्हणून गेले."

पाच महिने सर जे करू शकले नाहीत, मी बसमध्ये बोलून बोलून जे करू शकले नाही, ते एका खात्रीने झालं होतं, की आता यातून सुटका आहे. आणि त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं तेही सांगते, लपवण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, की भीती तर गेली, मग आता काय अडचण आहे. मी ते बोललेसुद्धा. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे ताणलेल्या केसांमुळे मोठे दिसत होते. मी तिला वळवलं आणि एकेक पिन काढायला लागले. अठरा पिना निघाल्या. केस सुटल्यावर तिने डोकं खाजवलं आणि म्हणाली, "भीती गेली नाहीये आई. ती फक्त आजच्यापुरती गेली होती."

मी तिला विचारलं, कधीपासून नकोसं वाटतंय. तिने सांगितलं, पडायच्या आधीपासून. गणपतीच्या आधीपासून, पण मागच्या वर्षीच्या गणपतीच्या. मी विचारलं, काहीच आवडत नाही का त्यातलं. तिने खरोखर विचार केला. म्हणाली, बार्स आवडतात, आणि सगळं संपल्यावर त्या स्पंजच्या खड्ड्यात उडी मारायला आवडतं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी तिला शाळेतून घेतलं आणि दादरला गेले. तिला बाहेर थांबवून मी सरांच्या खोलीत गेले आणि कागद परत मागितला. वाटेत वाक्यं ठरवली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, सर, तिचं नाव काढा, तिला नकोय. सरांनी मला बसायला सांगितलं. ते चिडतील, समजावतील, सात वर्षांचा हिशोब मांडतील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी समजावलं असतं तर मी ऐकलंही असतं. त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. म्हणाले, राखीव मुलीच्या घरी मी फोन करतो. नुसतं खेळायला यावंसं वाटलं तर पाठवा, स्पर्धेचं मी नाव काढणार नाही. मग दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, हे तिने तुम्हाला स्वतःहून सांगितलं का. मी हो म्हटलं. हे खोटं होतं.

बाहेर आलो आणि दोघी चालायला लागलो. साडेपाच वाजले होते. सात वर्षांत या वेळेला मी तो रस्ता पाहिला नव्हता. फुलवाले पाणी मारत होते, शाळा सुटलेली पोरं पाणीपुरी खात होती. मुलीने विचारलं नाही तरी मी तिला पाणीपुरी खायला घातली. तिने सहा खाल्ल्या आणि सातवीला माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खा.

बस स्टॉपवर आम्ही उभ्या होतो. मी वाट बघत होते की ती आता काहीतरी म्हणेल. रडेल, मिठी मारेल, निदान हसेल. ती माझ्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. मग तिने विचारलं, "आई, मग तू आता संध्याकाळी काय करशील?"

मी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तोंड गंभीर, बीमवर चढण्यापूर्वी असायचं तसं. हा प्रश्न तिला आज पडलेला नव्हता. आजोबांना चिठ्ठी लिहायच्या कितीतरी आधी पडला असणार, आणि त्याचं उत्तर सापडत नव्हतं म्हणून ती रोज माझ्याबरोबर येत होती. मी तिला नेत होते असं मला वाटत होतं. काहीतरी मोठं, शहाणं बोलायला हवं होतं, पण त्या क्षणी माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

मी म्हटलं, "झोपेन."

"रोज?"

"थोडे दिवस तरी रोज."

तिने ते पटल्यासारखी मान हलवली आणि पट्टा सोडून दिला. बस आली तेव्हा ती माझ्या आधी चढली आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी जागा धरली.